सागाला समुद्र दाखविणारा मिस्त्री : लवजी नसरवानजी वाडिया

नगरच्या जुन्या पेठांमध्ये एखादा वाडा उतरविण्याचे काम सुरू झाले की माती आणि विटा ट्रॅक्टरमध्ये भरून नेल्या जातात. तुळया आणि खांब मात्र जपून बाजूला काढले जातात. त्यांना गिऱ्हाईक आधीच ठरलेले असते. वरून काळे पडलेले हे सागवान रंध्याखाली गेले की आतून पुन्हा सोनेरी निघते. घर पडते, लाकूड उरते. मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरचे सागवान अयोध्येतील राममंदिरासाठी रवाना झाले, तेव्हा चंद्रपुरात त्याची वाजतगाजत शोभायात्रा निघाली होती. सागाची थोरवी महाराष्ट्राला कुणी सांगायला नको.

मात्र हेच लाकूड जगातील सर्वांत बलाढ्य आरमाराच्या युद्धनौकांसाठी ओकपेक्षा सरस ठरले, याचे श्रेय ज्या घराण्याला जाते, त्याचा मूळ पुरुष आज बहुतेकांना केवळ एका उद्योगसमूहाच्या आडनावापुरता ठाऊक आहे. लवजी नसरवानजी वाडिया हे त्यांचे नाव. ते ना सरदार होते, ना सावकार. ते सुतारकाम जाणणारे जहाजबांधणी मिस्त्री होते. अडतीस वर्षे त्यांनी मुंबईच्या गोदीत लाकूड निवडले, कापले, जोडले आणि पाण्यात सोडले.

सुरतेचा मुकादम

लवजींचा जन्म १७०२ मध्ये सुरतेच्या परिसरातील पारशी कुटुंबात झाला. त्या काळी सुरत हे पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत गजबजलेले बंदर होते. हजची गलबते, अरबस्तानाशी चालणारा व्यापार, इंग्रज आणि डच यांच्या वखारी यांमुळे तापीच्या काठावर जहाजे बांधणाऱ्यांना कामाची ददात नव्हती. वाडिया हे आडनावही या व्यवसायातूनच आले. जहाज बांधणारा, असाच त्याचा अर्थ. धनजीभाई नावाच्या पारशी जहाजबांधणी कंत्राटदाराच्या हाताखाली लवजी काम शिकले आणि तिशी ओलांडताना त्याच कारखान्याचे मुकादम झाले.

१७३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेत ‘क्वीन’ नावाचे जहाज बांधावयास दिले. त्याची देखरेख करण्यासाठी मुंबईहून डडली नावाचा अधिकारी आला. या तरुण मुकादमाची लाकडाची पारख आणि कामगारांवरील पकड त्याच्या नजरेत भरली. मुंबईला चलावे, कंपनीची गोदी उभारावी, असे त्याने लवजींना सुचविले. लवजी लगेच तयार झाले नाहीत. ज्या धन्याने हाताला काम दिले, त्याच्या संमतीवाचून जाणे त्यांना रुचेना. हाती घेतलेले जहाज पुरे झाले, धनजीभाईंनी मोकळीक दिली आणि मगच, १७३६ मध्ये, काही निवडक सुतारांना बरोबर घेऊन लवजी मुंबईला आले.

बेटावर लाकूड नव्हते

त्या वेळची मुंबई म्हणजे सात बेटांवरची एक लहानशी वसाहत होती. समुद्रावर आंग्र्यांचे आरमार आणि जंजिऱ्याचे सिद्दी, उत्तरेला वसई-साष्टीचे पोर्तुगीज आणि त्यांच्यावर चालून जाण्याच्या तयारीत असलेले मराठे, अशी सगळी परिस्थिती होती. कंपनीची जहाजे दुरुस्तीसाठी दरवेळी सुरतेला पाठविणे खर्चाचे होते. शिवाय मोगल सत्ता खिळखिळी होत गेल्याने ते दिवसेंदिवस बेभरवशाचेही ठरत होते. मुंबईला खोल आणि सुरक्षित बंदर होते, भरती-ओहोटीतील फरक मोठा होता. पण जहाज बांधण्यासाठी लागणारे लाकूड बेटावर नव्हते.

म्हणूनच मुंबईत आल्यावर थोड्याच काळात लवजींवर पडलेले महत्त्वाचे काम गोदीतले नव्हते, जंगलातले होते. उत्तरेकडील डोंगराळ भागात जाऊन तेथील रानात राहणाऱ्या जमातींशी बोलणी करायची आणि सागाचा नियमित पुरवठा मिळवायचा, ही कामगिरी त्यांना देण्यात आली. ती पार पाडून परतताना त्यांनी आपले कुटुंबही सुरतेहून मुंबईला आणले आणि गोदीजवळ बिऱ्हाड केले.

लवजींच्या कामाची खरी सुरुवात येथे आहे. जहाज गोदीत बांधले जात असले, तरी ते ठरते रानात. कोणते झाड सरळ वाढले आहे, कोणत्याचा बुंधा वाकडा आहे, हे उभ्या झाडावरून ओळखावे लागे. सरळ झाडातून फळ्या आणि डोलकाठ्या मिळत; जहाजाच्या फासळ्यांसाठी मात्र नैसर्गिक बाक असलेले लाकूड लागे. सरळ लाकूड कापून त्याला बाक दिला की त्याचे तंतू तुटतात आणि नेमक्या ताणाच्या जागी ते दगा देते. तोडलेले लाकूड नीट वाळविणे हे त्यानंतरचे काम. ओले लाकूड घाईने जहाजात बसविले की ते समुद्रात गेल्यावर कुजू लागते.

साग आणि ओक

इंग्रजांचे आरमार ओकच्या लाकडावर उभे होते. ओक मजबूत खरे, पण त्यात एक आम्ल असते आणि ते लोखंडाला खाते. जहाजाचे जोड धरून ठेवणारे खिळे आणि सळया आतल्या आत गंजत आणि लाकूड शाबूत दिसत असतानाच जोड ढिले पडत. सागाचे तसे नाही. त्यात नैसर्गिक तेल असते. ते लोखंडाला गंजू देत नाही, वाळवीला दूर ठेवते आणि पाणीही सहजासहजी मुरू देत नाही. ओलावा आणि ऊन यांमुळे लाकूड फुगते, आक्रसते. सागात हा फरक इतर अनेक लाकडांपेक्षा कमी असतो. उष्ण समुद्रात वर्षानुवर्षे वावरणाऱ्या जहाजाला याहून चांगले लाकूड नव्हते. ओकची जहाजे दहा-पंधरा वर्षांत मोठ्या दुरुस्तीला येत असताना सागाची जहाजे पिढी-दीड पिढी समुद्रावर राहत, ती यामुळेच.

परंतु केवळ लाकूड चांगले असून भागत नाही. युरोपात जहाजाच्या फळ्या कडेला कड लावून बसवीत आणि मधल्या फटीत ताग व डांबर ठोकून भरीत. पश्चिम भारतातील कारागिरांची रीत वेगळी होती. एका फळीच्या कडेला खाच आणि दुसरीच्या कडेला त्या खाचेत बसेल असा काठ काढून ते फळ्या एकमेकींत गुंतवीत. मध्ये राळ लावलेल्या कापसाचा थर असे. या जोडात फळ्या थोड्या फुगल्या-आक्रसल्या तरी फट आरपार उघडत नसे. जहाजाच्या तळाला चुना आणि तेल कालवून केलेला लेप देत. समुद्रातील लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून तो काही काळ संरक्षण करी.

ही विद्या लवजींनी शोधून काढली नव्हती. सुरतेच्या कारागिरांची ती पिढीजात मिळकत होती. लवजींचे मोठेपण वेगळे आहे. युरोपीय जहाजांचे आकार आणि आराखडे त्यांनी आत्मसात केले आणि त्यांना इथले लाकूड व इथल्या कारागिरीची जोड दिली. तोफांचा भार सोसणारे, खोल समुद्रात टिकणारे आणि तरीही सागाचे, अशा जहाजांचा पाया मुंबईत घातला गेला, तो असा.

कोरडी गोदी

१७५० मध्ये मुंबईत दगडी बांधकामाची कोरडी गोदी तयार झाली. आशियातील या प्रकारची ती पहिली गोदी मानली जाते. भरतीच्या वेळी जहाज आत घ्यायचे, दरवाजे बंद करायचे, पाणी काढून टाकायचे आणि मग तळापर्यंतची प्रत्येक फळी कोरड्यात उभे राहून तपासायची, अशी ही सोय होती. त्यापूर्वी जहाज किनाऱ्यावर ओढून, एका कुशीवर कलंडवून तळ दुरुस्त करावा लागे. त्यात जहाजाचा सांगाडाच मुरगळण्याची भीती असे. पुढच्या पंधरा वर्षांत या गोदीला आणखी दोन टप्पे जोडले गेले.

गोदीची कल्पना या किनाऱ्याला अगदीच अनोळखी होती, असे नव्हे. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीच्या काठी, गिर्ये येथे, मराठा आरमाराची खडकात कोरलेली गोदी आजही पाहावयास मिळते. आंग्र्यांचे सुतारही सागाचीच गुराबे आणि गलबते बांधीत होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी पेशव्यांच्या साहाय्याने विजयदुर्गावर हल्ला केला आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळून टाकले. त्या इंग्रजी मोहिमेचा तळ मुंबई हाच होता.

मराठी वाचकाला हा प्रसंग आजही सलतो. एकाच किनाऱ्यावर, एकाच लाकडातून, जवळपास सारख्याच हत्यारांनी काम करणाऱ्या दोन कारागिरांच्या परंपरांपैकी एक राखेला मिळाली आणि दुसरी इंग्रजांच्या आश्रयाने वाढली. लवजी पगारी मिस्त्री होते. राजकारण त्यांच्या हाती नव्हते. तरीही त्यांच्या गोदीने कंपनीला समुद्रावर बळ दिले, हे सत्य त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

एक घर आणि थोडी रक्कम

मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला येणाऱ्या जहाजांत कंपनीबरोबरच इंग्लंडच्या राजाच्या आरमाराचीही जहाजे होती. त्यांच्या सेनापतींनी लवजींच्या कामाची वाखाणणी केली. पुत्र माणेकजी आणि बमनजी त्यांच्या हाताखाली तयार झाले. पुढे नातू फ्रामजी आणि जमशेटजी यांनाही हातात हत्यार देऊन, अगदी खालच्या पायरीपासून काम शिकविण्यात आले. मालकाचा मुलगा म्हणून कुणाची सुटका नव्हती. ज्याला फळी तासता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या फळीत खोट काढू नये, असा या घराण्याचा रिवाज दिसतो.

१७७४ मध्ये लवजींचे मुंबईत निधन झाले. अडतीस वर्षे ज्यांच्या हातून कंपनीच्या लाखो रुपयांच्या जहाजांची बांधणी आणि डागडुजी झाली, त्यांच्या मागे एक राहते घर आणि वीस हजार रुपयांहून कमी रक्कम एवढीच मालमत्ता निघाली. सागाच्या खरेदीत हात ओले करण्याच्या संधी ज्या पदावर रोज येत, त्या पदावरच्या माणसाची ही शिल्लक होती. कंपनीने त्यांच्या मागे त्यांचे पद मुलांकडे सोपविले, यातच त्या शिल्लकीचे खरे व्याज आहे.

नातवाची जहाजे

लवजींनी रोवलेल्या रोपाचा वृक्ष झाला तो नातू जमशेटजींच्या काळात. नेपोलियनबरोबरच्या युद्धांमुळे इंग्लंडमध्ये ओकची टंचाई निर्माण झाली होती. तेव्हा राजाच्या आरमारासाठी मुंबईत युद्धनौका बांधण्याचे ठरले. देखरेखीसाठी इंग्लंडहून मिस्त्री पाठविण्याचा विचार होता. जमशेटजींचे काम पाहून तो सोडून देण्यात आला. १८१० मध्ये ७४ तोफांची ‘मिंडेन’ पाण्यात उतरली. १८१३ च्या ‘कॉर्नवॉलिस’वर २९ ऑगस्ट १८४२ रोजी इंग्लंड आणि चीन यांच्यातील नानकिंगचा तह झाला, हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेले ते या तहाने. १८१५ ची ‘वेलस्ली’ तर सव्वाशे वर्षे तरंगत राहिली. अखेरीस १९४० मध्ये थेम्स नदीत जर्मन विमानांच्या बॉम्बफेकीत ती बुडाली.

यांतील सर्वांत भाग्यवान नौका ‘त्रिंकोमाली’. तिचे नकाशे इंग्लंडहून ज्या ‘जावा’ या युद्धनौकेवरून येत होते, ती १८१२ मध्ये अमेरिकी नौकेबरोबरच्या लढाईत नष्ट झाली. नकाशे पुन्हा काढून पाठवावे लागले. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ही नौका मुंबईत पाण्यात उतरली. दोनशेहून अधिक वर्षांनंतर ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. तरंगत्या स्थितीतील सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका असा तिचा लौकिक आहे. तिला पाहावयास जाणाऱ्या मराठी माणसाने फळीवर हात ठेवला, तर तो आपल्याच किनाऱ्यावरील सागावर ठेवलेला असेल.

सन्मान मिळाले, तशी अवहेलनाही झाली. गोऱ्या कारागिरांच्या अहंकाराला उत्तर म्हणून जमशेटजींनी एका जहाजाच्या आतल्या तुळईवर, हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले आहे, अशा आशयाची ओळ गुपचूप कोरून ठेवली होती, अशी आख्यायिका सांगतात. लंडनच्या जहाजबांधणी कारखानदारांना ही स्पर्धा सोसवली नाही. हिंदुस्थानात बांधलेल्या जहाजांमुळे आपले कामगार उपाशी मरतील, अशी ओरड त्यांनी केली. १८१४ मध्ये हा वाद ब्रिटिश संसदेच्या समितीपर्यंत गेला.

जंगलाची किंमत

या वैभवाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. गोदीची भूक मोठी होती आणि साग सावकाश वाढतो. किनाऱ्यालगतची, खाडीतून ओंडके वाहून आणता येतील अशी राने आधी संपली. मग मलबारच्या जंगलांवर भार आला. १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांची मलबारात वनरक्षक म्हणून नेमणूक झाली. आरमारासाठी साग राखणे हा त्यामागचा हेतू होता. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनरक्षक म्हणून अलेक्झांडर गिब्सन आले. पुढे सरकारी वनखाते उभे राहिले आणि ज्या जमातींशी लवजींनी बोलणी करून साग मिळविला होता, त्यांच्या वंशजांना त्याच रानात सरपण तोडण्यासाठीही परवानगी मागण्याची वेळ आली.

तोवर लाकडी जहाजांचा काळही सरत आला होता. लोखंड आणि वाफ पुढे आली. वाडिया घराण्याने हे बदल ओळखले. जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तरुण १८३८ मध्ये नवे तंत्र शिकण्यासाठी इंग्लंडला गेले. याच घराण्यातील अर्देशीर कर्सेटजी यांनी वाफेच्या यंत्रांत नाव मिळविले आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते पहिले भारतीय सदस्य झाले. पुढील पिढ्यांनी कापडगिरण्या काढल्या. १८७९ ची बॉम्बे डाइंग ही त्यांतलीच. सागाच्या जहाजांची विद्या मात्र हळूहळू हातांतून निघून गेली.

जोड टिकला पाहिजे

एकविसाव्या शतकात लाकूड पुन्हा बांधकामात परतले आहे. लाकडाच्या पातळ फळ्यांचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवून केलेल्या जाड पाट्यांतून आणि तुळयांतून आता बहुमजली इमारती उभ्या राहतात. नॉर्वेतील ब्रुमुंडाल येथे २०१९ मध्ये १८ मजल्यांची, ८५.४ मीटर उंचीची लाकडी इमारत पुरी झाली. अमेरिकेतील मिलवॉकी येथे २०२२ मध्ये २५ मजल्यांची इमारत लाकूड आणि काँक्रीट यांच्या संयोगातून उभी राहिली. सिमेंट आणि पोलादाच्या निर्मितीत होणारे कार्बनचे उत्सर्जन पाहता, झाडाने शोषलेला कार्बन इमारतीत साठवून ठेवणारे लाकूड जगाला पुन्हा हवेसे वाटू लागले आहे.

तंत्र नवे असले, तरी प्रश्न जुनाच आहे. लाकूड हवेतील ओलावा घेते, सोडते, हलते; त्याला फुटू न देता जोडायचे कसे? आजचा अभियंता आडव्या-उभ्या थरांनी ते बांधून ठेवतो. लवजींचा सुतार खाच आणि काठ यांच्या जोडात त्याला हलण्यापुरती जागा देत असे. दोघांनाही झाड, हवा आणि भार यांची सारखीच समज लागते. आणि तोडलेल्या प्रत्येक झाडामागे नवे झाड वाढविण्याची शिस्त नसेल, तर दोघांचेही कौशल्य एका पिढीपलीकडे जात नाही, हा धडा मलबारच्या रानांनी दोनशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवला आहे.

आपल्याकडे जुन्या वाड्यातील सागाला भाव आहे. तो साग जोडणाऱ्या हाताला मात्र नाही. खिळ्यावाचून खांब आणि तुळई एकमेकांत गुंतविणारे सुतार गावोगावी कमी होत चालले आहेत आणि त्यांची विद्या कुठे लिहून ठेवलेली नाही. लवजींबरोबर सुरतेहून आलेल्या सुतारांचीही आज कुणाला ओळख नाही. त्यांच्या मुकादमाचे नाव इतिहासात राहिले, ते त्याने ती विद्या मुलांच्या आणि नातवंडांच्या हातांत उतरविली म्हणून. हार्टलपूलच्या पाण्यावर आज तरंगत आहे ते नुसते सागाचे लाकूड नाही. एका सुतार आजोबाने आपल्या नातवाला शिकविलेला जोड तेथे अजून सुटलेला नाही.